जुना स्पेक्ट्रम अॅनालायझर: आधी इनपुट तपासा

स्पेक्ट्रम अॅनालायझर म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते पडद्यावर दाखवणारं यंत्र. जुन्या यंत्रावर सिग्नल कमी दिसला की ते भंगारात गेलं, असं काहीजण म्हणतात. इतकी घाई नको. आधी त्याचंच कॅलिब्रेशन आउटपुट (ठरावीक पातळीचा तपासणी सिग्नल) इनपुटला जोडा आणि अॅटेन्युएटर, म्हणजे आत येणारा सिग्नल कमी करणारा भाग, १०-१० डीबीने (डेसिबल) वाढवत जा. यंत्र ती घट भरून काढतं, म्हणून पडद्यावरची सिग्नलची पातळी हलायला नको, फक्त नॉइज फ्लोअर (तळाशी दिसणारी गोंगाटाची रेघ) दर टप्प्याला सुमारे १० डीबी वर सरकायला हवा. एखाद्याच टप्प्यावर पातळी घसरली तर अॅटेन्युएटरचा तेवढाच भाग गेलाय. ० डीबीसकट सगळीकडे २०-३० डीबी कमी असेल तर संशय मिक्सरवर (आलेला सिग्नल दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर नेणारा भाग), आणि तो बहुधा कुणीतरी ट्रान्समीटर थेट जोडून जाळलेला असतो.

मेमरीची लिथियम बॅटरी लगेच उपटू नका, कॅलिब्रेशनचे आकडे पुसले जातील. आधी ते उतरवून घ्या.

याच यंत्राने रेडिओतला व्यत्यय शोधताना झिरो स्पॅन (एकाच फ्रिक्वेन्सीवर थांबून वेळेनुसार पाहणं), ५० मिलिसेकंद स्वीप (पडद्यावरची एक फेरी), लाइन ट्रिगर (फेरी विजेच्या लयीबरोबर सुरू होणं) ठेवा. ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावर दर १० मिलिसेकंदांनी स्थिर झुबके दिसले तर वीजवाहिनीतली ठिणगी धरा. स्पॅन उघडल्यावर, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा दाखवल्यावर, ठरावीक किलोहर्ट्झ अंतरावर सुळके दिसले तर एखादा स्विचिंग अॅडॉप्टर. अँटेनाच्या केबलवर डीसी असेल तर मध्ये डीसी ब्लॉक (डीसी अडवून फक्त सिग्नल जाऊ देणारा जोड) हवाच.