चूक एकाची, फेऱ्या सगळ्यांना: शाळेच्या संघातले अनुभव

शाळेच्या संघात असताना एकाच्या करणीचं सगळ्यांना भोगावं लागलं, असं तुमच्याबाबतीत घडलंय का? ते रास्त वाटलं का? जरूर लिहा. शाळेची, सरांची नावं तेवढी नकोत.

कबड्डी, सातारा जिल्हा
17 वर्षांखालील गटात आमचा एक चढाईपटू वयाने मोठा निघाला. समोरच्या संघाने तक्रार दिली, दाखला खोटा ठरला, आमचा अख्खा संघ बाद. दहावीतल्या पोरांच्या क्रीडा गुणांवर पाणी पडलं. तो मोठा आहे हे त्याच्या मिशांवरून कुणालाही कळलं असतं, पण दाखले आम्ही थोडेच तपासत होतो? फॉर्मवर सह्या मोठ्यांच्या होत्या. त्यांचं काहीच बिघडलं नाही. आम्हाला मात्र गावात वर्षभर 'खोटारडी टीम' म्हणायचे.

रिले, पुणे
निकाल जाणं आणि बदनामी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2008च्या बीजिंग ऑलिंपिकमधला जमैकाचा धावपटू नेस्टा कार्टर याचा नमुना पुन्हा तपासल्यावर त्यात बंदी असलेलं द्रव्य सापडलं आणि 2017मध्ये जमैकाचं 4×100 रिलेचं सुवर्ण गेलं. त्याच संघातल्या उसेन बोल्टलाही पदक परत द्यावं लागलं. बरोबरच आहे, वेळ चौघांची मिळून लागली होती. पण म्हणून बोल्टला कुणी लबाड म्हटलं नाही. तुमच्या गावाने तेवढं तरी करायला हवं होतं.

खो-खो, मुलींचा संघ
एक जण उशिरा आली की सगळ्यांना मैदानाला फेऱ्या. उशिरा येणारी नेहमी तीच, वाडीवरून एसटीने येणारी. गाडी उशिरा आली तर ती काय करणार? सर तिला रागावायचे नाहीत, ते काम आमच्यावर सोडलेलं. दिवाळीनंतर ती आलीच नाही. पोलवर तिच्यासारखी वळणारी दुसरी मिळाली नाही, ते वेगळंच.

क्रीडाशिक्षक, निवृत्त
फेऱ्यांचा प्रकार मलाही पटत नाही. पण संघाची म्हणून जबाबदारी असतेच. कबड्डीत साखळीतल्या एकाने हात सोडला की पकड सुटते. सगळे बाद झाले तर लोण आणि समोरच्यांना 2 जादा गुण. तिथे 'मी नव्हतो' चालत नाही. एकदा मुक्कामी दोघांनी एका लहान पोराला रात्रभर छळलं, बाकीचे पांघरुणातून हसत होते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बाकावर बसवलं आणि राखीव पोरं, हाताला लागतील ती, उतरवली. हरलो. आजही तेच करीन.

कबड्डी, सातारा जिल्हा
सर, तुम्हाला हे कुणीतरी येऊन सांगितलं असणार. तोही बाकावर होता?

क्रीडाशिक्षक, निवृत्त
होता. त्याला एकट्याला खेळवलं असतं, तर कुणी सांगितलं ते सगळ्यांना कळलं असतं.