मदत हवी आहे: लायब्ररीच्या स्कॅनरवर आजोबांच्या वह्या, पण पेन्सिलच्या खुणा गायब

नमस्कार मंडळी,

आजोबा नारदीय कीर्तन करायचे. त्यांच्या आख्यानांच्या चार वह्या सांगलीच्या काकांनी माझ्या ताब्यात दिल्या आहेत, त्याही 'केबिन बॅगेतच ठेवायच्या' या अटीवर. दिवाळीला भारतात गेले की परत करायच्या. बांधीव वह्या, साधारण ७ बाय साडेआठ इंच, चारही मिळून ६०० पानं तरी असतील. शाईनं देवनागरी, मध्येच काही पानं मोडी. पण समासात पेन्सिलीनं चाली-रागांच्या बारीक खुणा आहेत: 'इथे दिंडी', 'भीमपलास', 'साकी चढी', आणि एके ठिकाणी नुसतंच 'लोक पेंगले, आटप'. आख्यानं काय, छापील पुस्तकांतही सापडतील. मला या खुणा हव्या आहेत.

इथे अमेरिकेत आमच्या गावच्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत वरून फोटो काढणारा स्कॅनर आहे, फुकट. खाली काळी गादी, वही उघडी ठेवायची, पायानं बटण दाबायचं. शनिवारी चार तास बसून पहिली वही उरकली आणि पीडीएफ स्वतःलाच ईमेल केली. घरी उघडून पाहते तर शाई ठळक, कागद पांढराशुभ्र आणि पेन्सिल साफ गायब! शिवणीजवळच्या ओळी वाकलेल्या. दोन पानांवर तर मी अंगठ्यानं जिथे धरलं होतं तिथला मजकूरच पुसला गेलाय.

काउंटरवरच्या मुलीनं मदत केली, पण तिलाही इमेल आणि प्रिंट एवढंच माहीत होतं. सेटिंग काय ठेवू? आणि यातून पुढे शोधता येईल असा मजकूर निघेल का?

शाईपेन:
ताई, स्कॅनर बिघडलेला नाही, तो जरा जास्तच शहाणा आहे. 'ऑटो'वर ठेवला की तो पान डॉक्युमेंट समजून काळं-पांढरं करतो. फिकट राखाडी ते सगळं त्याच्या लेखी डाग. रंगीत निवडा, ४०० डीपीआय (इंचाला ४०० ठिपके). रंगीत अशासाठी, की शाई कुठली आणि पेन्सिल कुठली हे नंतर ओळखता येतं. 'बॅकग्राउंड साफ करा' अशा अर्थाचं जे काही दिसेल ते बंद. अंगठा पुसण्याचीही वेगळी सोय असते, तीही बंद. तुमचा अंगठा फोटोत आला तर येऊ दे, त्याखालचं अक्षर तरी यंत्र स्वतःच्या अकलेनं भरणार नाही. बोटं मात्र कोऱ्या समासावर ठेवा.

आणि ईमेल नको. पेन ड्राइव्हवर पानागणिक टिफ (चित्राची फाइल) घ्या. तुमच्या मापाचं एक पान ४०० डीपीआयला रंगीत म्हणजे २८-२९ एमबी, ६०० पानांचे साधारण १७ जीबी. ३२चा ड्राइव्ह पुरेल.

रात्रपाळी:
सहमत. भर घालतो: कागद पातळ असेल तर मागच्या पानाची शाई पुढे उमटते. खाली काळा कार्डशीट सरकवा, लगेच फरक दिसेल. शिवणीसाठी वही १८० अंशात दाबून उघडू नका, पाठ मोडेल. एका बाजूला टॉवेलची घडी घालून उंची सारखी करा. हातमोजे घालायच्या फंदात पडू नका, त्यानं पानं जास्त फाटतात. हात धुऊन कोरडे केले की झालं. वाकलेल्या ओळी सरळ करणं आणि समोरासमोरची पानं वेगळी करणं हे घरी 'स्कॅन टेलर' या प्रोग्रॅममध्ये होतं, फुकट आहे. मूळ टिफला हात लावायचा नाही, प्रतीवरच काम.

खानदेशी_वांगं:
ओसीआरची (चित्रातून मजकूर काढण्याची) आशा सोडा. छापील मराठी 'टेसरॅक्ट' हे सॉफ्टवेअर बऱ्यापैकी वाचतं, हस्ताक्षरासमोर हात टेकतं, आणि मोडीचं तर नावच नको. त्यापेक्षा एक्सेलमध्ये चार रकाने करा: वही, पान, आख्यान, समासातली खूण. कंटाळवाणं काम आहे, पण शोध यातूनच लागेल.

शाईपेन:
आणि आधी पाच पानांची चाचणी घ्या हो! लायब्ररीतच लॅपटॉपवर १०० टक्क्यांवर मोठं करून पाहा, मगच पुढची वही.

मूळ लेखिका:
सगळ्यांचे आभार! आज पाच पानं करून आले. पेन्सिल आली! 'भीमपलास'च्या खाली आधी खोडलेलं 'पिलू' पण दिसतंय, ते वहीत नुसत्या डोळ्यांनी मला दिसलं नव्हतं. काकांना फोटो पाठवला तर म्हणाले, "अरे, पेटीवाला बदलला होता त्या वर्षी."

आता पहिली वही पुन्हा स्कॅन करावी लागणार, म्हणजे आणखी चार तास. खानदेशी, तुमचा तक्ता केलाय, तूर्तास २३ नोंदी. मोडीची ११ पानं बाजूला ठेवली आहेत. कोणाला वाचता येत असतील तर विपु (विचारपुशीत निरोप) करा, त्यासाठी वेगळा धागा काढते.