'कोलेशन'चा आणखी एक अर्थ

छपाईत 'कोलेशन' म्हणजे छापलेली पानं क्रमानं लावणं असं सांगितलं जातं. ते बरोबर आहे, पण त्याचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा अर्थ त्यात राहून जातो: एकाच ग्रंथाच्या वेगवेगळ्या हस्तलिखितांतले पाठ, म्हणजे शब्दरूपं, ताडून पाहणं. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ 'एकत्र आणणं', त्यातूनच 'तुलना करणं'. (युरोपातल्या मठांत उपवासाच्या संध्याकाळच्या हलक्या खाण्यालाही हाच शब्द आहे. त्या वेळी जॉन कॅशियन या ख्रिस्ती साधूचा 'कोलातिओनेस' हा ग्रंथ वाचत, त्यावरून तो आला.)

पाठ ताडणं म्हणजे काय, हे पुण्याच्या भांडारकर संस्थेत पाहावं. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे अनेक पोथ्या ताडून ठरवलेल्या आवृत्तीचं, काम तिथं १९१९ मध्ये सुरू झालं, संहिता (मूळ मजकूर) १९६६ मध्ये पूर्ण झाली. चौकटी आखलेल्या कागदावर वर प्रचलित पाठाचा श्लोक अक्षर अक्षर सुटं करून लिहायचा आणि खाली एकेका पोथीतला फरक त्या त्या अक्षराखाली नोंदवायचा. शारदा (काश्मीरकडची), बंगाली, 'ग्रंथ' (तमिळ प्रदेशातली), मल्याळम अशा लिप्या वाचणारी माणसं त्यासाठी लागत. शांतिनिकेतन आणि तंजावरलाही हे काम चाले. संपादक म्हणून डॉ. सुखठणकरांचं नाव घेतलं जातं, ते योग्यच. पण त्या चौकटी भरणाऱ्या शास्त्र्यांचाही आवर्जून उल्लेख व्हायला हवा.