मदत हवी आहे: घरच्या कंपोस्टमध्ये बी रुजत नाही, रुजलं तर आडवं पडतं

रिकामी_कुंडी:
टोमॅटो, मिरची, वांगं पेरलं. माती नाही, सगळं घरचंच कंपोस्ट. मिरची-वांगी वर आलीच नाहीत. टोमॅटो थोडे आले, तेही बुडाशी बारीक होऊन आडवे पडले. पाणी रोज देतो, बी नवं आहे. हंगाम निघून चाललाय, पुन्हा पेरायचंय. कंपोस्टमध्ये काय मिसळू तेवढं सांगा. "धीर धरा" नको.

चाळणी:
कंपोस्ट कशाचं? किती जुनं? चाळलं होतं का? बी किती खोल टाकलं? पेरलं कशात?

ट्रायको_भक्त:
आडवी पडली म्हणजे मर रोग, दुसरं काही नाही. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) पावडर, किलोभर मिश्रणाला 10 ग्रॅम. ओलसर करून सावलीत आठवडाभर गोणपाटाखाली ठेवा, मग पेरा. पाकिटावरची मुदत बघून घ्या, जुनी पावडर म्हणजे नुसता भुगा.

रिकामी_कुंडी:
ओला कचरा, वाळका पाला, थोडा लाकडाचा भुसा. दोनेक महिने झाले, काळं झालंय. चाळलं नाही. प्लास्टिकचे डबे आहेत.

चाळणी:
डब्यांना भोकं?

कुदळफावडे:
ट्रे-बिरे कशाला? थेट वाफ्यात पेरा. मुळा, गाजर यांना जागा बदललेली अजिबात चालत नाही.

चाळणी:
प्रश्न टोमॅटो, मिरची, वांग्याचा आहे. तिन्हींची रोपं करूनच लावतात.

वाफसा:
यात दोन वेगळे आजार आहेत, त्यांना एकच औषध नाही.

बी न रुजण्याचं कारण बहुधा कच्चं कंपोस्ट. काळं झालं म्हणजे तयार झालं असं नाही. कुजणं चालू असताना अमोनिया आणि सेंद्रिय आम्लं निघतात, दोन्ही कोवळ्या मुळाला जाळतात. त्यात भुसा. तो कुजवायला जिवाणू आजूबाजूचा नत्र ओढून घेतात, म्हणजे बी रुजलं तरी रोप पिवळं पडणार. शिवाय निव्वळ कंपोस्टमध्ये क्षार जास्त असतात. बियाला सुरुवातीला खत लागतच नाही, खरी पानं (पहिल्या जोडीनंतर येणारी) येईपर्यंत ते बियातल्या साठ्यावर जगतं.

तयार आहे का ते असं बघा: मूठभर ओलसर कंपोस्ट पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबूस किंवा नाकाला झोंबणारा वास आला तर कच्चं. मग दोन बशा घ्या, एकीत कंपोस्ट, दुसरीत धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा). दोन्हींत मुळ्याचं 20-20 बी टाका. चार-पाच दिवसांत मोजा. दुसरीत 18 आणि पहिलीत 10 आलं तर आणखी महिना-दोन महिने मुरू द्या. दोन्हीकडे कमी आलं तर मुळ्याचं बीच जुनं.

आडवी पडणं हे मात्र बुरशीचं काम. पिथियम, रायझोक्टोनिया. त्यांना हवा तो चिखल रोजच्या पाण्याने मिळतोय.

राखाडी:
लाकडाची राख घाला, बुरशीही जाते आणि मुंग्याही. कोणी सांगत नाही कारण फुकट आहे.

चाळणी:
कोणी सांगत नाही कारण राखेने सामू (pH, आम्ल-अल्कतेचं माप) झपाट्याने चढतो, क्षारही वाढतात. त्यांच्याकडे क्षार आधीच जास्त. मोठ्या झाडाला चिमूटभर चालेल, बियाच्या ट्रेत नको.

पानगळ:
जरा वेगळं विचारते. माझ्या कंपोस्टच्या डब्यात जाड राखाडी अळ्या झाल्यात, फेकून देऊ का?

कुदळफावडे:
ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असाव्यात, निरुपद्रवी. ओलं जास्त झालंय, वाळका पाला वाढवा. फेकू नका, कचरा फार वेगाने संपवतात त्या.

रिकामी_कुंडी:
अळ्यांचा वेगळा धागा काढा हो. डब्यांना भोकं नाहीत. पाणी वरून, मगाने. बी बोटभर खोल.

चाळणी:
हेच पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! खोली बियाच्या जाडीच्या दोन-तीन पट. टोमॅटोला अर्धा सेंटिमीटर पुष्कळ झाला. बोटभर खोल गेलेलं बी वर यायच्या आत साठा संपवतं.

मिश्रण आकारमानाने, एकाच भांड्याने मोजा: मुरलेलं कंपोस्ट 1 भाग, कोकोपीट 2, परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) किंवा भरड वाळू 1. कंपोस्ट 4-5 मिलिमीटरच्या जाळीतून चाळा. वर उरेल ते परत ढिगात, त्यातच भुशाचे न कुजलेले तुकडे असतात. त्याहून बारीक चाळणी नको, पीठ झालं की हवा राहत नाही. वाळू 1-2 मिलिमीटरची, धुतलेली. समुद्राची अजिबात नाही.

कोकोपीट भिजवून, पिळून, तीनदा पाणी बदला.

ट्रायको_भक्त:
नुसत्या पाण्याने मोकळे क्षार जातात, कणांना चिकटलेलं सोडियम-पोटॅशियम नाही. त्याला कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवावं लागतं.

चाळणी:
व्यावसायिक रोपवाटिकेत बरोबर. इथे चार डबे आहेत आणि कंपोस्टमध्ये कॅल्शियम असतंच.

वाफसा:
ओलावा: मूठ आवळली तर गोळा व्हावा, एखाद-दुसरा थेंब यावा, बोटाने टोचला की गोळा फुटावा. पाणी गळलं तर जास्त. डब्याच्या तळाला दर 3-4 सेंटिमीटरवर भोक पाडा. पुढचं पाणी खालून, डबा पसरट भांड्यातल्या पाण्यात ठेवून. वरचा थर ओला दिसला की लगेच बाहेर काढा आणि तो सुकायला लागेपर्यंत पुन्हा पाणी नाही.

रिकामी_कुंडी:
मिश्रण भाजून घेऊ का? ओव्हन आहे.

ट्रायको_भक्त:
भाजलं की चांगले जीवही मरतात. पूर्ण विरोध.

वाफसा:
सरसकट विरोध नको. मिश्रण ओलसर करून, झाकून, मधोमध 70-80 अंश सेल्सियस अर्धा तास ठेवलं तर मर रोगाची बुरशी जाते. बिघडतं ते त्यापुढे. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू आधी मरतात, अमोनिया तयार करणारे टिकतात, मग अमोनिया साचतो. मँगनीजही जास्त सुटतं. तापमापी नसेल तर करू नका. ट्रायकोडर्मा वापरायचा असेल तर मिश्रण पूर्ण गार झाल्यावर. आधी घालून भाजणारे पाहिलेत.

राखाडी:
आणि राख?

चाळणी:
नाही.

रिकामी_कुंडी:
तापमापी नाही. मुळ्याचं बी आणतो. कंपोस्ट कच्चं निघालं तर तोवर कशात पेरू?

वाफसा:
धुतलेलं कोकोपीट 3, परलाइट 1, कंपोस्ट शून्य. पहिली खरी पानं दिसली की विरघळणारं खत, पाकिटावरच्या मात्रेच्या पाव भाग, आठवड्यातून एकदा. आणि जुने डबे साबणाने घासून मगच वापरा, बुरशी कडांना चिकटून राहते.