स्थानिक फुटबॉलचे समालोचन सोडले. निरोप कसा घ्यावा, आभार कोणाचे मानावेत?

पंचगंगाकाठ

नमस्कार.

कोल्हापुरातील एका स्थानिक केबल वाहिनीसाठी मी गेली काही वर्षे शाहू स्टेडियमवरील फुटबॉल सामन्यांचे मराठी समालोचन करत होतो. यंदाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी मी ते काम सोडले. मानधन आणि वेळ यांचा मेळ बसेना, एवढेच त्याचे कारण; भांडण असे काही झाले नाही. मात्र गेल्या हंगामातील अंतिम सामन्याच्या वेळी हा आपला शेवटचा सामना आहे, हे माझे मलाच ठाऊक नसल्याने माईकवरून निरोप घ्यायचे राहून गेले. आता पहिल्या सामन्याच्या मध्यंतरात दोन मिनिटे बोलायला वाहिनीने सांगितले आहे. शिवाय फेसबुकवर काही लिहावे, असाही विचार आहे.

पहिली अडचण नावांची आहे. वरिष्ठ गटात १६ संघ आहेत. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा, बालगोपाल यांपैकी कोणाचे नाव आधी घेतले, यावर आमच्याकडे चहाच्या टपरीवर अख्खी संध्याकाळ जाऊ शकते. दुसरा प्रश्न असा की, काम सोडण्याचे कारण सांगावे की नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे, माझ्या जागी आलेल्या तरुण निवेदकाचा तो पहिलाच दिवस असेल, त्याला अवघडल्यासारखे होऊ नये. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ध्वनिक्षेपक

आपला तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यापासून सुरुवात करतो. मी आकाशवाणीवर काम केलेला माणूस आहे आणि बाळ पंडितांची मराठी समालोचने ऐकत वाढलेल्या पिढीतला आहे, त्यामुळे माझे मत थोडे जुन्या वळणाचे वाटल्यास सांभाळून घ्यावे.

समालोचकाच्या निरोपाची दोन उदाहरणे मी नेहमी सांगतो. १९८० मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील शतकमहोत्सवी कसोटीत जॉन आरलॉट यांनी रेडिओवरील आपले शेवटचे कसोटी समालोचन केले. पाळी संपताच त्यांनी एकही भावुक शब्द न उच्चारता पुढे कोण बोलणार हे सांगितले आणि माईक सोडला. मैदानावर घोषणा झाली तेव्हा टाळ्या वाजवल्या त्या प्रेक्षकांनी आणि खेळाडूंनी. दुसरे उदाहरण रिची बेनो यांचे. सप्टेंबर २००५ मध्ये ओव्हलवर ॲशेस मालिकेतील अखेरची कसोटी चालू होती, बेनो इंग्लंडमधील दूरचित्रवाणी प्रेक्षकांचा निरोप घेत होते आणि नेमक्या त्याच क्षणी ऑस्ट्रेलियाच्या मॅकग्राने इंग्लंडच्या पीटरसनचा त्रिफळा उडवला. बेनो यांनी निरोपाच्या ओघातच तो बळी टिपला आणि पीटरसनच्या खेळीला दाद दिली. दोघांनीही खेळापेक्षा स्वतःला मोठे होऊ दिले नाही.

म्हणून मध्यंतरातील दोन मिनिटे मला जास्त वाटतात. मध्यंतरात प्रेक्षकाला पूर्वार्धाबद्दल ऐकायचे असते आणि ते सांगण्याचा हक्क आता नव्या निवेदकाचा आहे. सामना सुरू होण्यापूर्वी, संघ मैदानात उतरण्याच्या आधी एक मिनिट घ्यावे, लिहून न्यावे आणि वाचावे. एका मिनिटात शंभर-सव्वाशे शब्द आरामात बसतात. कारण एका वाक्यात सांगून मोकळे व्हावे.

चढाई_पकड

मी सांगली भागात कबड्डीचे निवेदन करतो. वरील मत मला बहुतांशी पटते. भर घालायची ती आभारांबाबत.

निरोपाच्या भाषणात नेहमी अध्यक्ष, प्रायोजक आणि ‘तमाम रसिक’ यांचेच आभार मानले जातात, कारण ती नावे आधीच फलकावर लिहिलेली असतात. आपला आवाज ज्यांच्या जिवावर घराघरांत गेला, ती माणसे त्या फलकावर नसतात. एप्रिलच्या उन्हात मचाणावर उभा राहून चेंडूच्या मागे कॅमेरा फिरवणारा, सामन्याआधी दोन्ही संघव्यवस्थापकांकडून खेळाडूंची यादी आणून देणारा आणि ऐनवेळी कोणी दुसऱ्याची जर्सी चढवली की धावत येऊन ‘अकरा नंबर बदललाय’ असे कानात सांगणारा मुलगा, वीज गेल्यावर जनरेटरकडे पळणारा वायरमन. फुटबॉलमध्ये तर पाठमोऱ्या खेळाडूचे नाव चुकले की गॅलरी लगेच निवेदकाच्या नावाने ओरडते. ते संकट कितीदा त्या यादीवाल्या मुलाने टाळले असेल, याचा विचार करावा. अशा माणसांची नावे त्यांची संमती घेऊन घ्यावीत आणि प्रत्येकाने नेमके काय केले, हे एकेका वाक्यात सांगावे. ‘सर्वांचे मोलाचे सहकार्य लाभले’ या वाक्याने कोणाचेच आभार मानले जात नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

संघांची नावे मात्र घेऊच नयेत. ‘वरिष्ठ गटातील सोळाही संघ’ एवढे पुरे.

आणखी एक व्यवहाराची सूचना. फेसबुकवर जुन्या सामन्यांच्या चित्रफिती लावणार असाल, तर वाहिनीची लेखी परवानगी घ्या. आवाज आपला असला तरी १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार प्रसारणाच्या पुनरुत्पादनाचा हक्क प्रसारण संस्थेकडे २५ वर्षे असतो.

मस्कतकर

मी निवेदक नाही, निव्वळ प्रेक्षक आहे. मूळचा कोल्हापूरचा, नोकरीनिमित्त ओमानमध्ये असतो. तिकडे दुपारी चारला सामना सुरू झाला की इथे अडीच वाजलेले असतात, आणि शुक्रवारी सुट्टी असल्याने आम्ही चार-पाच जण एकाच मोबाइलवर सामना पाहतो.

संघांची नावे घेऊ नयेत, या मताशी मी असहमत आहे. परगावी बसलेल्या माणसाला आपल्या तालमीच्या संघाचे नाव ऐकायचे असते. ‘सोळाही संघ’ म्हटल्याने त्याच्या पदरात काय पडणार? कोणाचे नाव आधी आले यावर वाद होईल हे खरे, पण नावच न घेतल्यास त्याहून मोठा होईल, हे आपण कोल्हापूरकर असल्याने जाणताच.

कारणही अवश्य सांगावे. आपण सांगितले नाहीत, तर अमुक पेठेने दबाव आणून काढले, अशी बातमी सामना संपण्याआधी व्हॉट्सॲपवर फिरेल.

आभारांबद्दल म्हणाल, तर ते आम्ही मानायचे आहेत. नेट अडखळून चित्र थांबायचे, पण आपला आवाज बहुधा चालू राहायचा. चेंडू कोणत्या बाजूला, कोणाच्या पायात आणि गोलपासून किती अंतरावर आहे, हे आपण न विसरता सांगत असल्याने गोल झाल्याचे चित्र दिसण्याआधी आम्हाला कळत असे. अनेक निवेदक दिसतेच आहे म्हणून बोलत नाहीत. आपण बोलत होता.

पंचगंगाकाठ

सर्वांचे आभार. मध्यंतराऐवजी सामन्यापूर्वीचे एक मिनिट वाहिनीने मान्य केले आहे. नावांचा क्रम आधी गुणतक्त्यानुसार लावणार होतो, पण त्यात तळाच्या संघांना पुन्हा टोचल्यासारखे होईल. म्हणून यंदाच्या वेळापत्रकात जे संघ ज्या क्रमाने मैदानात उतरणार आहेत, त्याच क्रमाने सोळा नावे वाचेन. सुरुवातीचा मसुदा असा:

‘नमस्कार. वेळेच्या आणि मानधनाच्या अडचणीमुळे मी या हंगामापासून समालोचन थांबवत आहे. इतकी वर्षे आपण मला ऐकून घेतलेत, चुकलो तेव्हा गॅलरीतून तिथल्या तिथे दुरुस्तही केलेत, याबद्दल मी आपला आभारी आहे.’

यानंतर कॅमेरामन, यादी आणणारा मुलगा आणि वायरमन यांची नावे, मग संघ, आणि शेवटी नव्या सहकाऱ्याच्या हाती माईक. खेळाडूंच्या नोंदींच्या माझ्या वह्या त्याला आधीच दिल्या आहेत. ते माईकवर सांगावे का?

ध्वनिक्षेपक

वह्यांचे सांगू नका. उद्या त्याने एखादे नाव अचूक घेतले, तर श्रेय वहीला जाईल आणि चुकला तर दोष त्याला.

मसुदा चांगला आहे. फक्त ‘मानधन’ हा शब्द माईकवरून नको. नवा निवेदक त्याच मानधनावर काम करतो आहे आणि शेजारीच उभा असेल. ‘वैयक्तिक अडचण’ असेही म्हणू नका, त्यातून नको ते तर्क निघतात. ‘वेळ देता येत नाही’ एवढेच म्हणावे, तेही खरेच आहे. आणि सोळा नावे घरी घड्याळ लावून एकदा मोठ्याने वाचून पाहा. उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम हे एकच नाव तीन नावांइतका वेळ घेते.