समन्स मिळालंच नाही, थेट पकड वॉरंट आलं! काकांसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझे थोरले काका (वय 67, वाई तालुका) यांच्या नावाने चेक बाउन्सच्या केसमध्ये, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 138 खाली, अजामीनपात्र वॉरंट निघालं आहे. कोर्ट दुसऱ्या जिल्ह्यातलं, घरापासून शंभरावर किलोमीटर लांब. परवा संध्याकाळी हवालदार घरी येऊन गेले. काका दवाखान्यात होते. "लवकर कोर्टात हजर व्हायला सांगा, नाहीतर आम्हाला न्यावं लागेल," असं काकूला सांगून गेले. माणूस नीट बोलला, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण काकूच्या घशाखाली घास उतरत नाहीये.

काकांचं खत-बियाण्यांचं दुकान होतं. होलसेलरला दिलेला 1,80,000 रुपयांचा चेक परत गेला, हे खरं. पुढे दुकानच बंद झालं. देणं कुणीच नाकारत नाही, हप्ते पाडून द्यायची तयारी आहे. वकिलांच्या कारकुनाने फाईल पाहिली. समन्स फक्त दुकानाच्या पत्त्यावर गेलेलं, पाकिटावर पोस्टमनचा शेरा 'दुकान बंद'. पुढच्याच तारखेच्या रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) 'आरोपी गैरहजर, अजामीनपात्र वॉरंट काढावे'. मध्ये जामीनपात्र वॉरंट, म्हणजे जामीन दिला की पोलीसच सोडतात तसलं, नाहीच. तक्रारीत घरचा पत्ताही आहे, तिथे कधी काही आलं नाही.

चेकच्या केसमध्ये समन्स धंद्याच्या पत्त्यावर पाठवता येतं आणि घ्यायला नकार दिला तर ते बजावलं असं धरता येतं, हे मला मान्य आहे. पण बंद शटर म्हणजे नकार नव्हे ना?

इंदर मोहन गोस्वामी विरुद्ध उत्तरांचल राज्य (2007) हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचला. खासगी तक्रारीच्या केसमध्ये आधी तक्रारीच्या प्रतीसह समन्स, आरोपी टाळतोय असं दिसलं तर जामीनपात्र वॉरंट, आणि तो मुद्दाम चुकवतोय अशी कोर्टाची पूर्ण खात्री झाली तरच अजामीनपात्र, असा क्रम त्यात स्पष्ट सांगितला आहे. माणसाचं स्वातंत्र्य हिरावणारा आदेश यांत्रिकपणे काढायचा नाही, हे त्यामागचं तत्त्व. काकांच्या फाईलमध्ये ही खात्री कशावरून झाली, याची एक ओळही नाही. मला हे फार गंभीर वाटतं. ज्याला केस चालू आहे हेच माहीत नाही, तो चुकवणार काय?

दुसरी गोष्ट कागदाची. काकूने वॉरंटचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. वर उजव्या कोपऱ्यात नोंदवहीचा क्रमांक नाही, परत पाठवण्याच्या तारखेची जागा कोरी, सही न वाचता येणारी. रघुवंश देवानचंद भसीन विरुद्ध महाराष्ट्र राज्य (2011) या निकालात नेमक्या याच गोष्टी वॉरंटवर असल्या पाहिजेत असं म्हटलंय. ती केस मुंबईचीच. वॉरंट रद्द झालेलं असतानाही एका वकिलांना 15 ऑगस्ट 2002 रोजी, सुट्टीच्या दिवशी, अटक झाली होती. दुसरीकडे, वॉरंट कोर्टाने रद्द करेपर्यंत किंवा बजावलं जाईपर्यंत चालूच राहतं, असंही कायदा म्हणतो (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 70, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 72). मग या त्रुटींचा आधार घेऊन काही मागता येतं, की कोर्ट फक्त "हजर व्हा" म्हणेल?

मुख्य अडचण अशी. काका स्वतःहून कोर्टात गेले आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज दिला, तर त्याच दिवशी जातमुचलक्यावर (स्वतःच्याच लेखी हमीवर) सोडतात का? की जामीनदार लागेलच? लागला तर सातबारा नि रेशनकार्ड घेऊन चुलतभाऊ सोबत येईल. काकांना मधुमेह आहे, गुडघे गेलेत, म्हणून आधी फक्त वकिलांनी अर्ज दिला तर चालतं का, हेही सांगा.

त्याआधीच पोलिसांनी धरलं तर? याच नव्या संहितेची कलम 82 आणि 83 वाचून मला असं समजलं की, वॉरंट जिल्ह्याबाहेर बजावलं आणि ते काढणारं कोर्ट 30 किलोमीटरच्या आत नसेल, तर जवळच्या मॅजिस्ट्रेटसमोर किंवा पोलीस अधीक्षकांसमोर नेता येतं आणि गुन्हा जामीनपात्र असेल तर तिथेच जामीन घेतात. 138 जामीनपात्रच आहे. मग वाई किंवा साताऱ्यातच सुटका व्हायला हवी. प्रत्यक्षात असं होतं का? की 'अजामीनपात्र' हा शिक्का पाहून हात वर करतात? शुक्रवारी संध्याकाळी उचलतील नि शनिवार-रविवार कोठडीत जातील, ही सगळ्यांची धास्ती आहे.

साठीच्या वरच्या माणसाला किरकोळ गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीशिवाय अटक नाही, असं त्याच संहितेच्या कलम 35 मध्ये आहे. पण ते कलम वॉरंटशिवायच्या अटकेबद्दल आहे, त्यामुळे इथे लागू होणार नाही असं मला वाटतं. जाणकारांनी खात्री करून सांगावं.

वॉरंट रद्द झालं की आदेशाची प्रत हातोहात मागून घेऊन पोलीस ठाण्यात पोच घ्यायची, एवढं भसीन निकालावरून ठरवलं आहे. फौजदारी बाजूला वकिली करणाऱ्यांनी किंवा अशा प्रसंगातून गेलेल्यांनी कृपया लिहा. येत्या सोमवारी काकांना घेऊन निघायचा विचार आहे, त्याआधी उत्तर मिळालं तर फार उपकार होतील.