सामाईक समुद्र की सार्वजनिक समुद्र?

उत्तर युरोपातल्या बाल्टिक समुद्राभोवतीच्या शहरांवरचा एक लेख मराठीत आणतेय. मी 'सामाईक समुद्र' लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी खोडून 'सार्वजनिक' केलं. मला ते खटकतंय पण का ते नीट सांगता येत नाहीये. जाणकारांनी प्लीज सांगा.

— सामाईकच ठेवा. सार्वजनिक म्हणजे कुणीही या, वापरा, निघून जा. सामाईक म्हटलं की हिस्सेदार मोजता येतात, सामाईक विहिरीचा गाळ काढायचा तर खर्च सगळ्यांच्या वाट्याला येतो, तसं. बाल्टिकला आज ९ देशांचा किनारा आहे, १९७४ ला हेलसिंकीत समुद्र वाचवायचा करार झाला तेव्हा किनाऱ्यावरचे देश ७ होते आणि सातही जणांनी सही केली, म्हणजे हिस्सेदारांची नावं कागदावरच आहेत. आणि हा समुद्र जवळजवळ बंदिस्त, डेन्मार्कजवळच्या अरुंद सामुद्रधुन्यांतून काय येईल जाईल तेवढंच, सगळं पाणी बदलायला तीसेक वर्षं लागतात, त्यामुळे एकाने सोडलेली घाण बाकीच्यांच्या दारात राहतेच. हे सगळं 'सार्वजनिक'मध्ये कुठे येतं?

— सहमत. पण देशांवर थांबू नका, लेख शहरांवर आहे ना. मैलापाण्याची पाइप शहराच्या ताब्यात असते. सेंट पीटर्सबर्गचं कितीतरी सांडपाणी प्रक्रिया न करताच फिनलंडच्या आखातात, म्हणजे बाल्टिकमध्येच, जायचं, २००५ मध्ये नैर्ऋत्येकडचं शुद्धीकरण केंद्र सुरू झालं तेव्हा मोठा फरक पडला. सांडपाण्यातलं फॉस्फरस, नायट्रोजन समुद्रात गेलं की शेवाळ माजतं, ते मरून कुजतं, खालचा ऑक्सिजन संपतो. आणि नुसतं 'किनारी शहरं' लिहू नका. पोलंडमधलं वॉर्सा किनाऱ्यापासून खूप आत आहे पण तिथलं पाणी व्हिस्टुला नदीतून बाल्टिकलाच जातं. 'पाणलोटातली शहरं' म्हणा, बाल्टिकचं पाणलोट क्षेत्र समुद्राच्या चौपट आहे.

वा, पाणलोट सुचलंच नव्हतं! अजून एक, २००७ मध्ये हेलसिंकी आणि तुर्कू या दोन शहरांनी बाकीच्यांना जे केलं ते आव्हान की आवाहन? दोन्ही बसतंय असं वाटतं.

— आव्हान. आवाहन म्हणजे विनंती, 'कृपया पाणी जपून वापरा' टाइप. त्यांनी आधी समुद्रासाठी स्वतः काय करणार ते ठरवून जाहीर केलं आणि मग इतरांना म्हणाले की आता तुमचं सांगा. आधी स्वतः उतरायचं, मग दुसऱ्याला बोलवायचं, हे आव्हानच. हल्ली पेपरात दोन्ही सर्रास एकमेकांच्या जागी छापतात, वाचताना फार त्रास होतो.

— आणि लेखात 'शाश्वत विकास' आला असेल तर तसंच राहू दे. शाश्वत म्हणजे खरं तर कायमचं, अर्थ थोडा मोठा होतो, पण 'टिकाऊ' म्हटलं की चपला आठवतात.